पहिला धडा कुणाच्या सोयीचा?

इंग्रजीचा पहिला धडा जगात कुठेही शिकवला तरी साधारण सारखाच असतो. शिक्षक विचारतात, ‘व्हॉट इज युवर नेम?’ आणि वर्गातला प्रत्येक जण उठून ‘माय नेम इज अमुक’ म्हणून मोकळा होतो. मग शिक्षकांचे बोट पेनाकडे, पुस्तकाकडे, टेबलाकडे, खिडकीकडे वळते. ‘धिस इज अ पेन, दॅट इज अ विंडो.’ तासाभरात आठ-दहा वस्तूंची नावे आणि स्वतःचे नाव एवढी कमाई पदरात घालून मंडळी घरी जातात. तुम्ही-आम्ही सगळे ह्याच दारातून इंग्रजीच्या घरात शिरलो. त्यात आपल्याला काही खटकले नाही, कारण पुढे शाळा होती, कॉलेज होते, दहा-बारा वर्षांची सवड होती. त्या पेनाचे पुढे काय करायचे ते यथावकाश कळत गेले.

पण ज्यांच्या वाट्याला पहिला धडा आणि त्यापुढचे फार तर वीस-तीस तास एवढेच इंग्रजी येणार आहे, त्यांचे काय? मी आपल्याच घरांतल्या माणसांबद्दल बोलते आहे. दर उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील, ग्रीन कार्डावर कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई, नातवंडांना सांभाळण्यासाठी साठीनंतर देश सोडलेल्या मावश्या. न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात मंगळवारी सकाळी अशा मंडळींचा इंग्रजीचा वर्ग भरतो. तिथे मी काही वर्षे स्वयंसेवक म्हणून शिकवते. त्या वर्गामुळे मला पहिल्या धड्याकडे पुन्हा एकदा, आणि जरा संशयाने, पाहावे लागले. ह्या लेखात मी एक नावाजलेले पुस्तक आणि एक नावाजलेला चित्रपट अशा दोन पहिल्या धड्यांचे परीक्षण करणार आहे. तिसरा धडा माझा स्वतःचा आहे. त्यालाही सूट द्यायचा विचार नाही.

आधी विद्यार्थ्यांविषयी दोन शब्द. ‘आमच्या आईला इंग्रजीचा गंध नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. पण गंध का नाही, ह्याला इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने मराठी शाळांतले पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून ते आठवीपासून सुरू केले. त्या काळात खेड्यातल्या मुलींची शाळा बहुधा सातवीच्या फायनलला संपत असे. म्हणजे मुलगी हुशार असो, पहिली आलेली असो, इंग्रजी सुरू व्हायच्या आतच तिची शाळा सुटे. पुढे इंग्रजी पुन्हा पाचवीवर आले आणि जून २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून शिकवले जाऊ लागले. ह्या धोरणांच्या बरेवाईटपणाचा वाद इथे नको. सांगायचे एवढेच की आपल्या वर्गात बसलेल्या आजी मंदबुद्धीच्या नाहीत. त्या एका सरकारी वेळापत्रकाच्या अलीकडच्या काठावर राहिल्या, इतकेच.

आता पुस्तक. ‘इंग्लिश थ्रू पिक्चर्स’ हे नाव परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात फार जुने आहे. आय. ए. रिचर्ड्‌स आणि क्रिस्टीन गिब्सन ह्यांनी ते १९४५ साली ‘द पॉकेट बुक ऑफ बेसिक इंग्लिश’ ह्या नावाने काढले. आपल्याकडे ज्यांनी एम.ए.ला साहित्यशास्त्र घेतले असेल त्यांना रिचर्ड्‌स हे नाव ऐकून कान टवकारावेसे वाटतील. होय, हे तेच रिचर्ड्‌स. १९२४ साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम’ आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ लिहून त्यांनी साहित्यसमीक्षेची दिशा बदलली. पुढे चीनमध्ये आणि मग हार्वर्डमध्ये काम करताना ते काठीच्या हातापायांची माणसे काढून ‘मी’, ‘तू’, ‘तो’, ‘इथे’, ‘तिथे’ शिकवण्यात रमले. एवढ्या मोठ्या समीक्षकाने बालबोध पुस्तक काढावे ह्यात मला कमीपणा वाटत नाही. उलट कवितेतल्या एका शब्दावर पानेच्या पाने लिहिणारा माणूस ‘हा’ आणि ‘तो’ ह्यांतल्या फरकावर तितकाच गंभीर होतो, ह्याचे कौतुक वाटते.

पुस्तक खरोखरच हुशारीने रचलेले आहे. पानावर चार चौकोन. प्रत्येकात साध्या रेघांचे एक चित्र आणि खाली एक छोटे वाक्य. एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना फक्त एकच गोष्ट बदलते. माणूस तोच, टोपी तीच, टेबल तेच. कृती आधी व्हायची आहे, मग होते आहे, मग झालेली आहे. तीन चित्रांत तीन काळ! व्याकरणाचा एक शब्द न उच्चारता. शब्दकोश नको, भाषांतर नको, शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा यायला नको. माझ्या वर्गात मराठी, गुजराती, तेलुगू, चिनी, स्पॅनिश आणि पोलिश बोलणारी माणसे एका टेबलाभोवती बसतात. अशा वेळी ह्या पुस्तकाचे मोल कळते. पहिल्या भागात सुमारे अडीचशे शब्द, आणि तेवढ्यात किती सांगता येते! ह्याच धर्तीवर फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन आणि हिब्रूचीही पुस्तके निघाली, ह्यात नवल नाही.

ह्या पुस्तकाच्या मुळाशी सी. के. ऑग्डेन ह्यांचे ‘बेसिक इंग्लिश’ आहे. १९३० साली त्यांनी इंग्रजीचा सगळा संसार ८५० शब्दांत बसवला. त्यांत ६०० वस्तूंची आणि कल्पनांची नावे, १५० विशेषणे आणि १०० कामाचे शब्द. ह्या शंभरात क्रियापदे फक्त १८. आपल्या बायकांनी दुष्काळात घर चालवावे तसा हा काटकसरीचा संसार आहे, आणि त्याबद्दल आदर वाटतो. पण कपाटात काय ठेवले आणि काय टाकले ते पाहा. त्या ८५० शब्दांत नांगर आहे, माकड आहे, बोकड आहे, तुरुंगसुद्धा आहे. ‘आई’, ‘वडील’, ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘भाऊ’, ‘बहीण’ आहेत. पण ‘हजबंड’ आणि ‘वाइफ’ नाहीत. ‘थँक’ नाही. इतर शब्द जुळवून तो अर्थ सांगता येतो, हे ऑग्डेन ह्यांचे उत्तर, आणि तर्काला धरून ते बरोबरच आहे. ‘लग्न झालेला पुरुष’ म्हटले की काम भागते. पण साठ वर्षे संसार केलेल्या बाईने आपली ओळख करून देताना नवऱ्याचा उल्लेख असा वळसा घालून करावा, ही कल्पना भाषेचा हिशेब मांडणाऱ्यालाच सुचू शकते. जिला बोलायचे आहे तिला ती सुचणार नाही.

माझा पहिला आक्षेप हाच आहे. शब्द निवडताना ‘कुठल्या शब्दांनी भाषेचा सर्वांत जास्त भाग व्यापता येईल’ असा प्रश्न विचारला गेला. ‘ह्या माणसाला उद्या सकाळी काय बोलावे लागेल’ असा विचारला गेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पुस्तकातली माणसे सांगतात. ती एकमेकांना क्वचितच विचारतात. मी इथे आहे, तो तिथे आहे, टोपी टेबलावर आहे. प्रश्न नंतर येतात, आणि आले तरी बहुधा ज्यांचे उत्तर समोरच्या चित्रात दिसतेच आहे असे. ‘ही काय वस्तू आहे?’ अहो, टोपी आहे, दिसत नाही का? व्यवहारात ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा प्रश्न फक्त तिघेच विचारतात: शिक्षक, वकील आणि नवीन सुनेची परीक्षा घेणारी सासू. इतर कुणीही प्रश्न विचारतो तो माहीत नसते म्हणून. आणि परक्या देशात नवख्या माणसाला सगळेच माहीत नसते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त प्रश्न विचारावे लागणार, त्यालाच आपण फक्त उत्तरे शिकवतो.

हा दोष एकट्या रिचर्ड्‌स ह्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपल्या तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिची रीत अगदी उलटी. तिथे चित्रे नाहीत, मातृभाषा हीच शिडी. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा. ह्या रीतीला आज नावे ठेवायची पद्धत आहे, पण तिने एक शहाणपण जपले होते. शिकणारा रिकाम्या डोक्याने येत नाही, एक अख्खी भाषा घेऊन येतो, हे तिला मान्य होते. ‘मला दोन मुलगे आहेत’ हे मराठीत ज्या घडणीने म्हणतो, त्या घडणीने इंग्रजीत म्हणता येत नाही, तिथे ‘हॅव’ लागतो. ही गोष्ट मराठीतून एका मिनिटात सांगता येते, चित्रांतून सांगायला तीन पाने जातात. सासूबाईंबद्दल बोलताना आपल्या बायका ‘शी’ ऐवजी ‘दे’ म्हणतात, ते अज्ञानामुळे नव्हे. ‘त्या’ म्हणायची सवय आहे आणि मोठ्या माणसाला एकेरीत ओढायला जीभ धजत नाही, म्हणून. हे ज्याला मराठी येते त्यालाच कळते. तरीही तर्खडकरांच्या वाक्यांचे एक झाले. ती भाषांतर करण्यासाठी होती, कुणाला तरी म्हणण्यासाठी नव्हती. वही तपासणाऱ्या मास्तरांखेरीज त्या वाक्यांना श्रोता नव्हता.

आणि ज्यांनी ब्रिटनमध्ये काही वर्षे काढली आहेत त्यांना ‘माइंड युवर लँग्वेज’ ही मालिका आठवत असेल. १९७७ साली लंडन वीकएंड टेलिव्हिजनने ती सुरू केली. परदेशी प्रौढांचा इंग्रजीचा वर्ग, मिस्टर ब्राउन हे सज्जन मास्तर, आणि सरदारजी, साडीतल्या जमिलाबाई, असे नमुनेदार विद्यार्थी. त्या विनोदातल्या वांशिक साच्यांवर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तच होती. पण तो विनोद चालतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. मास्तर विचारतात, विद्यार्थी चुकीचे उत्तर देतो, प्रेक्षक हसतात. वर्गात विद्यार्थ्याचे काम उत्तर देणे हेच, हे गृहीत धरले की पुढची थट्टा आपोआप तयार होते.

आता आपल्या ओळख करून घेण्याच्या रीतीकडे वळू. दोन अनोळखी मराठी बायका दादरला गाडीत शेजारी बसल्या, तर कर्जत यायच्या आत एकीला दुसरीचे माहेर, सासर, मुलांची शिक्षणे आणि धाकट्या जावेचा स्वभाव ठाऊक झालेला असतो. ‘आपण कुठल्या?’ ‘चिपळूणच्या? म्हणजे चिपळूणात कुठे?’ ‘मग अमक्यांना ओळखत असाल!’ आपली ओळख म्हणजे नाव सांगणे नव्हे. ती आलटून पालटून केलेली विचारपूस असते आणि दोघींना जोडणारा एखादा धागा सापडेपर्यंत ती थांबत नाही. ह्या कलेत आपल्या आया-मावश्या पारंगत आहेत. अशा बाईला आपण वर्गात उभे करतो, नाव सांगायला लावतो आणि खाली बसवतो. जे तिला उत्तम येते तेच तिच्याकडून काढून घेतो आणि मग म्हणतो, आजी फार लाजाळू आहेत.

माझ्याच वर्गातला एक प्रसंग सांगते. कुटुंबाविषयीचे शब्द चालले होते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे मी एका काकूंना विचारले, ‘व्हॉट इज युवर हजबंड्‌स नेम?’ काकू गप्प. मला वाटले प्रश्न कळला नाही. मी तो पुन्हा, सावकाश आणि जरा मोठ्याने विचारला. काकूंनी इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, ‘समजलं गं मला. पण त्यांचं नाव असं चारचौघांत घ्यायचं?’ शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘मग उखाण्यात घ्या की!’ आणि मराठी कोपरा हसण्यात बुडाला. मीही हसले, पण घरी जाताना मन खट्टू झाले. मी मराठी, माझी आईसुद्धा वडिलांचे नाव घेत नसे, आणि तरी मी त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘इंग्रजी येत नाही’ असा लावला होता. मराठी न येणाऱ्या शिक्षकाने काय लावला असता?

ह्याच काकूंची पुढची हकिगत विनोदी नाही. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, ती सांगते. एका सुट्टीच्या दिवशी त्यांना दवाखान्यात जावे लागले. मुलाला आणि सुनेला कामावरून निघता येईना. शेजाऱ्यांनी गाडीतून पोचवले आणि दुभाषा म्हणून बरोबर गेला अकरा वर्षांचा नातू. डॉक्टरांनी विचारले, नातवाने मराठीत सांगितले, काकूंनी उत्तर दिले, ‘पोट दुखतं.’ एवढेच. खरे दुखणे बाईमाणसाचे होते, रक्तस्राव होत होता, आणि ते अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवून घेणे त्यांना जिवावर आले. गोळ्या घेऊन परत आल्या. दोन महिन्यांनी सुनेजवळ बोलल्या, तेव्हा पुढच्या तपासण्या झाल्या. निदान अजून हाताबाहेर गेले नव्हते, हे त्यांचे नशीब. माझ्या शिकवण्याचे त्यात काही श्रेय नाही. तोपर्यंत माझ्या वर्गात त्या साठेक नामे शिकल्या होत्या. ‘स्टमक’ हा शब्द त्यांना येत होता. नव्हते येत ते एवढेच: ‘मला मराठी दुभाषा पाहिजे.’

आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे, पण अमेरिकेत २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टच्या कलम १५५७ खाली, सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळांनी आणि दवाखान्यांनी इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला जाणकार दुभाषा फुकट पुरवायचा असतो, आणि निकडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलाला दुभाषा म्हणून वापरायचे नसते. दुभाषा प्रत्यक्ष यायलाच हवा असे नाही, फोनवरूनही चालतो. हक्क आहे. पण तो मागावा लागतो, आणि मागायचे वाक्य पहिल्या धड्यात नाही. विसाव्या धड्यातही नाही. तिथे टोपी आहे आणि टेबल आहे.

आता चित्रपट. गौरी शिंदे ह्यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ २०१२ साली आला तेव्हा आपल्याकडे तो घरोघरी पाहिला गेला. पुण्याची शशी गोडबोले, घरी लाडू करून विकणारी, इंग्रजी येत नाही म्हणून नवऱ्याच्या आणि मुलीच्या टोमण्यांची धनी, न्यू यॉर्कला येते आणि चोरून चार आठवड्यांच्या वर्गाला जाते. श्रीदेवीने ही बाई अशी उभी केली आहे की तिचे घाबरणेसुद्धा आपल्या घरातले वाटते. शेवटी भाचीच्या लग्नात ती इंग्रजीतून भाषण करते आणि सभागृहातले, तसेच आपल्या बैठकीच्या खोलीतले, डोळे पाणावतात.

मलाही ते भाषण आवडते. पण वर्ग घेणारी बाई म्हणून मी त्याच्याकडे पाहते तेव्हा शंका येते. भाषण म्हणजे संभाषण नव्हे. भाषणात कुणी मध्येच उलट विचारत नाही, कुणी घाई करत नाही, मागे रांग ताटकळत नाही. चित्रपटातला खरा परीक्षेचा प्रसंग आधीच होऊन गेलेला आहे, तो कॉफीच्या दुकानातला. तिथे शशीचे काय अडते ते नीट पाहा. शब्द अडत नाहीत. ‘कॉफी’, ‘वॉटर’, ‘सँडविच’ हे शब्द पुण्यातल्या कुणालाही येतात. अडते ते गल्ल्यावरच्या मुलीच्या प्रश्नांच्या सरबत्तीपाशी. एकाला उत्तर द्यावे तोवर दुसरा प्रश्न. त्या घटकेला शशीला तीन शब्द हवे होते, ‘स्लोली, प्लीज. अगेन.’ म्हणजे समोरच्याचा वेग आपल्या हातात घेण्याचे साधन. ते तिच्याकडे नव्हते, म्हणून ती पळाली. भाषणाने प्रेक्षकांचे समाधान होते. कॉफीच्या गल्ल्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

चित्रपटाचे मोठेपण मला दुसऱ्याच दोन जागी दिसते. पहिली जागा वर्गातली. शशी आपण लाडू करून विकतो असे सांगते आणि शिक्षक तिला ‘आंत्रप्रेन्युअर’ हा शब्द देतात. कुठल्याही प्राथमिक शब्दयादीत हा शब्द सापडणार नाही. ऑग्डेन ह्यांनी तर कपाळाला हात लावला असता. उच्चाराला अवघड, लिहायला त्याहून अवघड. पण शशी तो लगेच उचलते, कारण तो तिचा आहे. माझा अनुभवही हाच आहे. माझ्या वर्गातल्या एका निवृत्त कंपाउंडरांना ‘पेन्सिल’ आणि ‘पेपर’ ह्यांत रस नव्हता, ‘फार्मसी’ हा शब्द त्यांनी एकदा ऐकला आणि कायमचा घेतला. शब्दाचा सोपेपणा अक्षरांच्या संख्येवर नसतो, तो आपल्या आयुष्यात कुठे बसतो ह्यावर असतो. रूथ कोल्विन ह्यांनी १९६२ साली सिरॅक्यूज गावात प्रौढसाक्षरतेची जी स्वयंसेवी चळवळ सुरू केली, तिच्या शिकवण्यात ही गोष्ट ओळखलेली होती. शिकणाऱ्याने स्वतःची हकिगत तोंडी सांगायची, शिक्षकाने ती त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायची, आणि तोच त्याचा वाचनपाठ. कोल्विनबाई २०२४ साली १०७ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या ह्या साध्या युक्तीने किती टोप्या आणि टेबले वाचवली असतील!

दुसरी जागा अगदी शेवटची, विमानातली. परतीच्या प्रवासात शशी हवाईसुंदरीला इंग्रजीतून विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का? प्रेक्षक तोवर रुमाल घडी करत असतात, म्हणून हे निसटून जाते. माझ्या मते चित्रपटाचा खरा पदवीदान समारंभ हाच. ती विचारते, तिला उत्तर ठाऊक नाही असे काहीतरी विचारते, आणि इंग्रजी वापरून स्वतःची भाषा मागते. पहिल्या धड्याचे ध्येय काय असावे असे कुणी मला विचारले तर मी हा प्रसंग दाखवीन. काकूंना हवे होते ते ह्याहून वेगळे नव्हते.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. इंग्रजीत प्रश्न विचारणे नवशिक्याला सर्वांत अवघड. क्रियापद पुढे आणा, ‘डू’ आणि ‘डझ’ घाला. विधान सोपे म्हणून आधी विधान. शिवाय प्रश्न विचारला तरी येणारे उत्तर कळायला नको का? दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण लहान मूल ‘मला दे’ म्हणते तेव्हा ते चतुर्थी विभक्ती शिकलेले नसते. अख्खे वाक्य, एका शब्दासारखे, घोटून घेता येते. मागाहून व्याकरण येईल तेव्हा येईल. आणि उत्तर कळत नाही म्हणूनच तर ‘पुन्हा सांगा’, ‘सावकाश सांगा’, ‘लिहून द्या’ ही तीन हत्यारे आधी हवीत. प्रश्न, आणि उत्तर आवाक्यात आणण्याची साधने, ही जोडीनेच द्यायची.

म्हणून हल्ली माझा पहिला तास असा असतो. नावे होतातच, ती टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. पण ‘माय नेम इज अमुक’ म्हटले की लगेच शेजारणीकडे वळून ‘अँड यू?’ म्हणायचे. दोनच शब्द, पण त्यांनी उत्तर देणारी बाई विचारणारी होते. मग ‘एक्स्क्यूज मी’, ‘अगेन, प्लीज’, ‘स्लोली, प्लीज’, ‘प्लीज राइट इट’ आणि ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’. गुजराती मंडळींना गुजराती, तेलुगूंना तेलुगू. एवढाच धडा. पेन आणि खिडकी दुसऱ्या मंगळवारी येतात, आणि आल्यावर ‘धिस इज अ पेन’ असे मी म्हणत नाही. पेन लपवून ठेवते आणि तुम्हाला लिहायचे आहे, काय कराल, असे विचारते. रिचर्ड्‌स ह्यांचे पुस्तक मी टाकलेले नाही. काळ शिकवायला त्याच्याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. फक्त ते पहिल्या जागेवरून चौथ्या-पाचव्या आठवड्यात सरकवले आहे. जे हौशीने ‘बोट्‌स’ आणि ‘बर्ड्‌स’ची चित्रे रंगवून आणतात त्या माझ्या सहकाऱ्यांना ही मांडणी थोडी रूक्ष वाटते. असो.

शेवटी थोडे आपल्याविषयी, म्हणजे वर्गाच्या बाहेरच्या मंडळींविषयी. आईला वर्गाला सोडून आपण गाडी वळवतो आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो. पण दुकानात, बँकेत, डॉक्टरांकडे तिने तोंड उघडायच्या आत आपणच म्हणतो, ‘आई, तू राहू दे, मी बोलतो.’ हे प्रेमाने म्हणतो, घाईने म्हणतो, कधी मागच्या रांगेच्या संकोचानेही म्हणतो. शशीची मुलगी जे तोडून बोलते तेच आपण गोड शब्दांत बोलतो. पुस्तकाने तिला उत्तरे देणारी केले होते, आपण तेही काढून घेतो. वीस तासांच्या वर्गाने जे मिळते ते टिकवायचे असेल तर पुढच्या वेळी गल्ल्यापाशी दोन पावले मागे उभे राहावे. रांग थांबते. आपण आपल्या वेळी थांबवलीच होती की.

काकू अजून वर्गाला येतात. मागच्या तपासणीला त्या एकट्या आत गेल्या, सून बाहेर बसली होती. टेबलावर फोन ठेवून पलीकडून एका बाईंचा आवाज आला आणि काकूंनी मराठीत सगळे सांगितले. मला हे त्यांनी मंगळवारी सांगितले ते वेगळ्याच आनंदात. ‘अगं, फोनवरची ती बाई साताऱ्याची निघाली,’ त्या म्हणाल्या. आधी कोण विचारले, कुणी कुणाला विचारले, हे मला विचारावे लागले नाही.